वंशभेदावर संवाद घडवणारा अभ्यासक्रम कसा आखावा

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात वांशिक तणावाच्या पार्श्वभूमीवर 1988 साली आंतरगट संवादाचा, म्हणजे दोन वेगळ्या समाजगटांतील विद्यार्थ्यांना समोरासमोर बसवून बोलते करण्याचा, उपक्रम सुरू झाला. असा अभ्यासक्रम आखणाऱ्याने त्याची रचना आधी नीट अभ्यासावी. वर्ग 12 ते 16 जणांचाच ठेवावा, त्यात दोन्ही समाजगटांतील विद्यार्थी शक्यतो समसमान घ्यावेत आणि प्रत्येक गटातून एक, असे दोन प्रशिक्षित संवादक (चर्चा पुढे नेणारे) नेमावेत.

पोलिसांची वागणूक किंवा प्रवेशधोरण यांसारखे तापलेले विषय पहिल्याच तासाला काढू नयेत. आधी परिचय आणि बोलण्याचे नियम, मग स्वतःचे अनुभव, आणि परस्परांवर विश्वास बसल्यावरच हे प्रश्न घ्यावेत. “आता कुठे राहिलाय वर्णभेद?” असे कोणी म्हणाले, तर संवादकाने ते खोडून न काढता, “असं तुम्हाला कोणत्या अनुभवावरून वाटतं?” असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे. वर्गातील एकट्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला साऱ्या समाजाचा प्रवक्ता करणे मात्र सरळसरळ अन्यायाचे आहे.

भारतीय विद्यार्थी असतील तिथे जातीवरही बोलावे. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने 2022 मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला आहे. अखेरचे तास दोन्ही गटांनी मिळून करायच्या कामाच्या आखणीसाठी राखावेत.