लहानपण चळवळीत गेलेल्यांची मुलाखत कशी घ्यावी

राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या मुला-तरुणांच्या संघटनेची स्थापना १९४१ सालची. स्वातंत्र्याच्या सुमारास दलाच्या शाखेत, म्हणजे संध्याकाळी मैदानावर भरणाऱ्या गटात, जाणारी मुलं आज पंच्याऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत, तेव्हा त्यांच्या मुलाखती पुढच्या दिवाळीवर टाकू नयेत. तयारीशिवाय गेलात तर समाजवादी नेते एस. एम. जोशी आणि साने गुरुजींच्या आठवणी भरपूर मिळतील, पण समोरचा माणूस कसा घडला ते मात्र निसटेल.

आधी कागदावर जन्मसाल लिहून वयाचं गणित मांडा. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७मध्ये उपोषण केलं. जन्म १९४१चा असेल तर तेव्हा वय पाच-सहा. तरी तो प्रसंग डोळ्यांदेखत घडल्यासारखा सांगितला जातो. आठवण बहुधा थोरल्या भावंडाची असते. खोडून काढू नका. "हे पाहिलंत की घरात ऐकलंत?" एवढंच विचारा. ऐकीव आठवणही कामाची, घरात कशाचा अभिमान होता ते तिच्यातून कळतं. गोवा सत्याग्रह (१९५५) आणि आणीबाणी (१९७५-७७) या वेळची वयंही मांडून ठेवा.

"शाखेनं काय दिलं?" हा प्रश्न पहिल्या बैठकीत नको. उत्तर पाठ असतं: समता, शिस्त, संस्कार. त्यापेक्षा शाखेतली एक संध्याकाळ क्रमानं सांगायला लावा. बोलवायला कोण यायचं, खेळ कुठले, बौद्धिकात, म्हणजे विचारांवरच्या भाषणात, डुलकी लागायची का. मग शिबिरातल्या पंगतीकडे वळा. शेजारी कोण बसायचं? तोच मुलगा घरी आला तर पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचे? आई काय म्हणायची? इथे बोलणारा अडखळतो. गप्प बसा, घाईनं पुढचा प्रश्न टाकलात तर हातची गोष्ट गेली. बायकांना हमखास विचारा: दिवेलागणीनंतर मैदानावर थांबायची मुभा कोणी दिली, आणि कितव्या वर्षी ती बंद झाली?

दुसरी बैठक आठवड्याभरानं, मोठेपणीच्या निर्णयांवर. लग्न जातीत की बाहेर, भटजी बोलावून की नोंदणीनं, मुलांची नावं कशी ठेवली, कचेरीत संप झाला तेव्हा काय केलं. त्याच शाखेत जाऊन वेगळ्या वाटेला लागलेलं भावंड असेल तर त्यालाही गाठा. सगळं श्रेय शाखेला देऊन टाकायची आपल्याला भारी हौस. बरीच मुलं मुळात तसल्या विचारांच्या घरांतूनच आलेली असत.

एक बैठक तासाभराचीच ठेवा, पुढे माणूस थकतो आणि ठरीव वाक्यांवर येतो. फोन एअरप्लेन मोडवर, वीतभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. पंखा बंद. मिनिटभर रेकॉर्ड करून ऐकून पाहा.

तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास लागतात. बोली शुद्ध करत बसू नका. छापण्याआधी मजकूर वाचून दाखवा. वगळायला सांगितलेला भाग मूळ रेकॉर्डिंगमध्ये ठेवायचा की नाही, हे वेगळं विचारून लेखी घ्या.