पावसात घरात रोपं करताय? या चुका टाळा

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी पेरलेली वांगी-टोमॅटो दहाव्या दिवशी ताठ उभी असतात आणि बाराव्या दिवशी सकाळी निम्मी आडवी झालेली दिसतात. पाणी कमी पडलं असं वाटून तांब्याभर पाणी ओतलं जातं, आणि राहिलेली निम्मी त्या पाण्यानं जातात.

पाणी ओतण्याआधी एक पडलेलं रोप उचलून बघा. तहानलेल्या रोपाची आधी पानं मलूल होतात, खोड मात्र बुडापर्यंत धड असतं, आणि पाणी मिळाल्यावर तासा-दोन तासांत ते उभं राहतं. कोलमडलेल्या रोपाची पानं हिरवीच असतात, पण मातीला टेकतं तिथे खोड तपकिरी, पाणचट आणि दोऱ्यासारखं बारीक झालेलं असतं. बोटाच्या चिमटीत धरलं तर तिथेच तुटतं. ही रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया अशा जमिनीतल्या रोगजंतूंमुळे ती होते, आणि पिथियमचे बीजाणू तर ओल्या मातीतल्या पाण्यातून पोहत शेजारच्या रोपाकडे जातात. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत आर्द्रता सहज ऐंशी टक्क्यांच्या वर असते. घाटावर दिवसाआड सुकणारा ट्रे इथे चार-चार दिवस ओला राहतो. तिकडचं पाण्याचं वेळापत्रक इथे चालवू नये, ते यामुळेच.

रोपमर झालेलं रोप वाचत नाही. ते आजूबाजूच्या चमचाभर मातीसकट काढून फेकून द्या, कंपोस्टात घालू नका. ट्रे उजेडात, वाऱ्यावर ठेवून वरचा थर सुकू द्या. रोग पसरतोच आहे असं दिसलं तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला 3 ग्रॅम या प्रमाणात बुडाशी द्या. खरा उपाय मात्र पेरणीआधीचा आहे: बी लहानशा डबीत घालून चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडर टाकायची आणि डबी हलवायची. बी जास्त असेल तर किलोला 5 ग्रॅम. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, त्यामुळे बुरशीनाशक आणि ती एकाच वेळी देऊ नका. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्याला औषध आधीच लावलेलं असतं. त्याला आणखी काही लावायचं नाही, हात मात्र साबणानं धुवायचे.

पाणी खालून द्या

ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) वरून फिकट आणि कोरडं दिसतं तेव्हाही खाली चिंब असतं. डोळ्यांवर जाऊ नका, ट्रे उचलून बघा. ओला आणि सुका ट्रे यांच्या वजनातला फरक दोन दिवसांत हाताला कळू लागतो. हलका लागला की परातीत बोटभर, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटर, पाणी घेऊन त्यात ट्रे 15 ते 20 मिनिटं ठेवायचा. उरलेलं पाणी ओतून टाकायचं. हे सकाळी करा. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर तसंच राहतं.

रुजण्यासाठी ट्रेवर प्लास्टिक घातलं असेल तर पहिलं कोंब दिसलं त्याच दिवशी ते काढा. "अजून थोडे येऊ देत" म्हणून दोन दिवस जास्त ठेवलेल्या प्लास्टिकनं जितकी रोपं मारली असतील, तितकी किडीनंही नसतील.

चवथीला गावच्या घरी जाताना ट्रे पाण्यानं भरून फ्लॅट बंद करून जाणं हीही नेहमीची चूक. दीड-दोन दिवसांसाठी नेहमीइतकंच पाणी पुरतं. पाच दिवस जायचं असेल तर ट्रे शेजाऱ्यांकडे ठेवा, किंवा सरळ चवथीनंतर पेरा.

उंच आणि फिकट रोपं

आठ-दहा सेंटिमीटर उंच, पांढुरक्या खोडाचं, दोनच पानं असलेलं रोप खिडकीकडे झुकलेलं दिसलं की समजायचं, उजेड कमी पडतो आहे. जुन्या घरांच्या बाल्कांवात (पुढच्या ओसरीत) छपराची वळचण खाली उतरलेली असते, वर ढगाळ हवा. आपल्याला तिथे लख्ख वाटतं, रोपाला अंधार असतो. खत घालून हे सुधारत नाही, उलट रोप आणखी लुसलुशीत होऊन पडतं.

साधी 20 वॉटची पांढरी एलईडी ट्यूब पुरते. ती रोपांच्या शेंड्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर टांगा आणि रोज 12 ते 14 तास लावा. छताच्या ट्यूबचा उपयोग नाही, ती फार लांब असते. सोबत टेबल फॅन मंद गतीवर दोन-तीन तास, रोपं नुसती हलतील इतका. हलल्यानं खोड जाड होतं आणि बुडाशी हवाही खेळते. उंच झालेला टोमॅटो पुढच्या कुंडीत पानांपर्यंत खोल लावला तर सावरतो, कारण त्याच्या खोडाला मुळं फुटतात. मिरची आणि वांग्यावर हा प्रयोग नको.

माती आणि बी

अंगणातली तांबडी माती ट्रेमध्ये दोन पाण्यांत घट्ट बसते. समुद्राची रेती खारट, ती नकोच. घरच्या सोडणाचा ताजा भुसाही तसाच वापरू नये. त्यातले क्षार आणि टॅनिन कोवळ्या मुळांना बाधतात. विकतची 650 ग्रॅमची वीट भिजून सुमारे 8 लिटर कोकोपीट होतं. तेही दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या. त्याचे दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग आणि पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा धुतलेली नदीची वाळू एक भाग. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पण पाणी टपकू नये.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल. मिरची, वांगी, टोमॅटो अर्धा सेंटिमीटर, काकडी-दोडका दोन. मिरचीला रुजायला आठ ते चौदा दिवस लागतात, त्यामुळे सहाव्या दिवशी उकरून बघू नका. खोल्याच्या मिरचीचं किंवा आगशीच्या वांग्याचं बी घरी राखलेलं असेल आणि एक पावसाळा उघड्या डब्यात गेला असेल, तर आधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून तपासा. सहापेक्षा कमी रुजल्या तर दाट पेरा किंवा नवं बी आणा. तांबडी भाजी, मुळा आणि भेंडी यांची रोपं करायच्या भानगडीत पडू नका, ती जागेवरच पेरायची.

बी रुजलंच नाही आणि उकरल्यावर सापडतही नाही? मुंग्या. ट्रेचं टेबल पाण्याच्या वाट्यांत उभं करा, पण दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डास होतील. रोप रात्रीत देठापासून कापलेलं आणि बाजूला चकाकती रेघ असेल तर ती गोगलगाय.

खत आणि ऊन

पहिली दोन पानं ही बीजपत्रं. त्यांच्यात साठलेल्या अन्नावर रोप तोवर जगतं. खऱ्या पानांची जोडी आल्यावरच 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. मासळी धुतलेलं पाणी माडाला घाला, ट्रेमध्ये नको. वास, माश्या, मुंग्या आणि बुरशी, सगळं एकदम येतं. मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर पिवळा चिकट कागद लावा आणि वरचा सेंटिमीटरभर थर सुकू द्या. त्यांच्या अळ्या मुळांचे केस खातात.

पाऊस ओसरल्यावरचं ऊन फार कडक असतं. घरातलं रोप एकदम बाहेर ठेवलं तर दुपारपर्यंत पानांवर पांढरे चट्टे पडतात. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग रोज तासाभरानं वाढवत आठ-दहा दिवस. टोमॅटो 25 दिवसांचा, वांगं 30 ते 35 आणि मिरची 35 ते 40 दिवसांची झाली की लावा. काकडी-दोडक्याला मात्र दोन-तीन पानांवरच, पंधरा दिवसांच्या आत हलवायचं. संध्याकाळी, पानाला धरून, खोडाला नाही. पान फाटलं तर नवं येतं.