पारंपरिक टोमॅटो बियांपासून वाढवताना या चुका टाळा

एअरलूम म्हणून ओळखले जाणारे टोमॅटोचे पारंपरिक वाण पिढ्यानपिढ्या जपले गेले ते प्रामुख्याने त्यांच्या चवीसाठी. अनेक संकरित वाणांमध्ये मर रोगाविरुद्धची आणि सूत्रकृमींविरुद्धची (मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म जंतांविरुद्धची) प्रतिकारशक्ती पैदास करतानाच आणलेली असते. ब्रँडीवाइन किंवा चेरोकी पर्पल यांसारख्या वाणांना ते संरक्षण नाही. त्यामुळे संकरित रोप ज्या हयगयीतून निभावून जाते, तीच हयगय येथे पिकावर बेतते.

पहिली चूक बी पेरतानाच होते. बागेतली माती तशीच ट्रेमध्ये भरून, बी खोल पुरून वर भरपूर पाणी घातले, की उगवण रखडते आणि बी कुजते. बी सुमारे अर्धा सेंटीमीटर खोल असावे, माध्यम हलके व निचरा होणारे असावे आणि त्याचे तापमान 21 ते 27 अंश सेल्सिअस राहावे. अशा स्थितीत साधारणपणे 5 ते 10 दिवसांत अंकुर दिसतात. उगवलेले रोप मातीलगत बारीक होऊन एकाएकी आडवे पडले, तर तो पिथियम किंवा रायझोक्टोनियासारख्या रोगकारकांचा प्रादुर्भाव समजावा. पडलेले रोप वाचत नाही. ते काढून टाकावे, उरलेल्यांना ट्रेच्या खालून पाणी द्यावे, दोन पाण्यांमध्ये पृष्ठभाग सुकू द्यावा आणि हवा खेळती ठेवावी.

रोपे उंच, फिकट आणि लुकडी होत असतील, तर खत घालण्याची घाई करू नये, कारण तेथे कमतरता बहुधा प्रकाशाची असते. दिव्याखाली वाढवताना 14 ते 16 तास प्रकाश द्यावा. सुदैवाने टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळे फुटतात, म्हणून लांबलेले रोप लावताना खालची पाने काढून खोडाचा बराचसा भाग मातीत गाडला तरी चालते. मात्र घरात वाढलेले रोप थेट भर उन्हात नेऊ नये. आठवडाभर ऊन आणि वारा थोडा थोडा वाढवत नेला, तर पाने करपत नाहीत.

सर्वाधिक गैरसमज आढळतो तो फळाचे बूड काळे पडण्याबाबत. हा रोग नाही, तो एका फळावरून दुसऱ्यावर पसरत नाही आणि बुरशीनाशक फवारून त्यावर काहीही परिणाम होत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर मुळांकडून वर जाते. पानांतून बाष्पीभवन अधिक होत असल्याने त्याचा मोठा वाटा पानांकडे वळतो आणि फळाच्या बुडापर्यंत ते सर्वांत शेवटी व सर्वांत कमी पोहोचते. माती आज कोरडी ठणठणीत आणि उद्या चिखल अशी राहिली, की हा पुरवठा तुटतो व मातीत पुरेसे कॅल्शियम असूनही फळ उपाशी राहते. अंड्याची टरफले टाकणे हा लोकप्रिय उपाय असला, तरी ती कुजायला इतका काळ लागतो की त्या हंगामात त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. खरा उपाय म्हणजे एकसारखा ओलावा: 5 ते 8 सेंटीमीटर जाडीचे आच्छादन, मुळांपर्यंत पोहोचणारे नियमित पाणी आणि कुंडीत लावायचे असल्यास किमान 20 लिटरची कुंडी. पातळ सालीची मोठी फळे अचानक मिळालेल्या भरपूर पाण्याने तडकतात, तेही याच पद्धतीने बरेच टळते.

नत्र अधिक झाले, तर झाड हिरवेगार दिसते पण फुले कमी लागतात. रात्रीचे तापमान 24 अंशांच्या वर किंवा 13 अंशांच्या खाली गेल्यास फूलगळ होते. अशा वेळी खत न वाढवता हवामान निवळण्याची वाट पाहावी.

यांतील बहुतेक वाण अखेरपर्यंत वाढत राहतात, म्हणून आधाराची काठी लागवडीच्या वेळीच रोवावी. नंतर रोवल्यास मुळे दुखावतात. खालच्या पानांवर डाग दिसू लागताच ती काढावीत, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी द्यावे आणि वांगी, मिरची किंवा बटाटा नुकताच घेतलेल्या वाफ्यात टोमॅटो लावू नये. पाकिटावरील पक्वतेचे दिवस बहुधा पुनर्लागवडीपासून मोजलेले असतात, पेरणीपासून नव्हे, आणि अनेक मोठ्या वाणांना 80 दिवसांहून अधिक लागतात. तेव्हा उशिराने निराश होऊन निरोगी झाड उपटणे ही टाळता येण्याजोगी हानी आहे.

शेवटची चूक बी राखताना होते. टोमॅटो बहुतांशी स्वपरागित असला, तरी काही जुन्या वाणांत कुक्षी (फुलाचा पराग स्वीकारणारा शेंडा) पुंकेसरांच्या नळीबाहेर डोकावते आणि मधमाश्यांमार्फत दुसऱ्या वाणाचा पराग तेथे पोहोचू शकतो. वाण शुद्ध ठेवायचा असेल, तर कळ्या उमलण्यापूर्वीच फुलांच्या घोसावर पातळ कापडाची पिशवी बांधावी आणि फळ धरल्यावर ती काढून त्या फळांना खूण करावी. निरोगी झाडाच्या पूर्ण पिकलेल्या फळातील बी गरासह 2 ते 3 दिवस आंबवावे, धुवावे आणि ताटलीत सावलीत सुकवावे. कागदावर सुकवल्यास ते चिकटून बसते. पूर्ण सुकलेले बी हवाबंद डब्यात, थंड व कोरड्या जागी वाणाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवल्यास किमान 4 वर्षे चांगले उगवते.