पणजीत प्यायचं तर घड्याळ बघून

पुण्या-मुंबईची मंडळी गोव्यात आली की मला पहिला फोन बागा-कळंगुटसाठी करतात. तिथल्या शॅकवर बिअर कशी प्यावी हे सांगायला माझी गरज नाही. खुर्ची असते, समोर समुद्र असतो, बाटली येते, मग बिल येतं. मी सांगू शकतो ते पणजीचं, कारण माझं घर पणजीतल्या छोट्या बारांच्या हिशेबांवर चालतं. मूळ सावंतवाडीचा, इथं वह्या लिहितो. कुठल्या बारात दुपारी काय खपतं नि संध्याकाळी काय, हे मला आकड्यांतून दिसतं. आणि सगळ्या वह्यांचं म्हणणं एकच आहे: पणजीची प्यायची वेळ रात्रीची नव्हे. एक तास दुपारच्या जेवणाआधी, आणि दोन-अडीच तास दिवेलागणीनंतर. रात्री अकराला अत्तर लावून बाहेर पडलात तर मांडवीतल्या कॅसिनोंचे दिवे तेवढे दिसतील. जुने बार तोवर खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवून मोकळे झालेले असतात.

तेव्हा बार कुठला, हे नंतर. आधी वेळ ठरवा, आणि त्याच्याही आधी महिना.

मार्च ते मे या दिवसांत आलात तर फेणीबिणी विसरा आणि हुर्राक मागा. काजूची बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडली की वेचतात. ती तुडवून रस काढतात. उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की जो स्वच्छ रस ठिबकत राहतो तो निरो. त्यात दारू नसते, घरात पोरंटोरंही पितात. मात्र तो सकाळचाच. उन्हं चढली की आंबायला लागतो, म्हणून दुपारी तीनला कुणी ‘ताजा निरो’ देऊ केला तर हसून पुढं जा. तुडवलेला रस आंबवून भट्टीत एकदा काढला की हुर्राक, साधारण 15 टक्क्यांचा. हुर्राक आणि रस मिळून पुन्हा भट्टीवर चढले की फेणी, 42 टक्क्यांच्या आसपास. हा फरक डोक्यात असू द्या, कारण ग्लासात दोन्ही पाण्यासारखेच दिसतात.

हुर्राक घ्यायची इथली रीत अशी: उंच ग्लास, बर्फ, लिंबू, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वरून लिमका. मिरची चावायची नाही, ती वासाला. कोणी लिमक्याऐवजी साधा सोडा घेतात, तेही चालतं. घोट इतका हलका उतरतो की नवा माणूस सरबतासारखा पीत सुटतो आणि तिसऱ्या ग्लासानंतर खुर्चीतून उठताना टेबल धरतो. दोन ग्लास, मग जेवण, मग झोप. एप्रिलच्या उन्हात याच्या पलीकडे जाऊ नका. आणि हुर्राक टिकत नाही. पाऊस लागला की संपला. जून महिन्याच्या 24 तारखेला सांजांवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या दिवशी विहिरीत उड्या मारणाऱ्या मंडळींच्या हातातही बहुतेक फेणीच असते. डिसेंबरात कुणी ‘खास तुमच्यासाठी ठेवलाय’ म्हणून हुर्राक काढला तर त्याला धन्यवाद द्या आणि बिअर मागवा.

आता दिवस सुरू करू. सकाळी पोटात काहीतरी घाला. सिने नॅशनलजवळच्या कॅफे भोसलेत पातळभाजी-पाव आणि चहा, बास. उपाशी पोटी प्यायला सुरुवात करणारे पाहुणे कुठल्याही बारमालकाला आवडत नाहीत. नंतर काय होतं ते त्यालाच निस्तरावं लागतं.

साडेबाराच्या सुमारास मार्केटच्या आणि 18 जून रस्त्याच्या आसपासच्या ‘बार अँड रेस्टॉरंट’ पाट्यांपैकी कुठंही शिरा. निवडायची खूण सांगतो: आत सरकारी कचेरीतली माणसं एकेकटी बसलेली दिसली पाहिजेत. तो माणूस एक बिअर किंवा एक लहान पेग घेतो, रवा लावून तळलेली मुडदुशी किंवा बांगडा घेतो, मग शीत-कडी, आणि अर्ध्या-पाऊण तासात उठतो. त्याच्यासारखं वागा. बिअरमध्ये किंग्ज मागा, गोव्याची आहे आणि उन्हाला बरी. मालकाशी गप्पा मारायच्या असतील तर दीडच्या आत. त्यानंतर त्याचं लक्ष शटरकडे. दुपारी पणजी झोपते आणि छोटे बारही झोपतात. ही गैरसोय नाही, सूचना आहे. तुम्हीही झोपा.

संध्याकाळी सांतोमे आणि फोंतेन्हास, पणजीच्या दोन जुन्या वस्त्या. कदंबच्या बसस्टँडवरून पाटोचा पूल ओलांडला की चालत पाच-दहा मिनिटं. 31 जानेवारी रस्ता धरा. पिवळ्या-निळ्या घरांपुढं फोटो काढायला गर्दी असते, पण त्या घरांत माणसं राहतात. कुणाच्या पायरीवर ग्लास घेऊन बसू नका, खिडकीत डोकावू नका. या वाड्यातले लोक पर्यटकांवर चिडलेले आहेत आणि त्यांचं चुकत नाही.

पहिला मुक्काम जोसेफ बार. गोम्स परेरा रस्त्यावर आहे, आणि बार म्हणजे जेमतेम एक खोली. थोडं लवकर गेलात तर आत टेकायला मिळेल, नाहीतर ग्लास घेऊन बाहेर गल्लीत उभं राहायचं, सगळे तेच करतात. इथं कोकम घातलेली फेणी घ्या: लाल रंग, लिंबू, मीठ, मिरचीचा चटका. फेणीच्या वासाला नाक मुरडणाऱ्या माणसाला फेणीपाशी आणायचा याहून सोपा रस्ता मला माहीत नाही. खायला फार काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन ग्लास झाले की निघा. मागं उभे असलेले तुमच्या जागेकडं बघत असतात.

दुसरा मुक्काम, बसून प्यायचं असेल तर, ‘व्हेनीत’ नावाचं रेस्टॉरंट. लाकडी जमीन, आणि रस्त्यावर झुकलेल्या इवल्याशा बाल्कन्या. बाल्कनीतलं टेबल दोघांचं. चौघे असाल तर आत बसा आणि भांडू नका. नवरा-बायकोनं जावं अशी जागा.

बायकांनी कुठं जावं, हा प्रश्न मला वहिनी आणि भाच्या हमखास विचारतात. वरच्या दोन्ही ठिकाणी निर्धास्त. गोव्यात बाईनं बारमध्ये बसणं ही बातमी नसते, घरचं अख्खं कुटुंब बसतं. फक्त ज्या खोपट्यात दोन बाकं, काचेचं कपाट आणि फक्त पुरुष दिसतात, तिथं कुणी काही बोलत नाही पण टक लावून बघतात. तिथं मिळणारं सगळं इतरत्र मिळतं.

फेणीबद्दल थोडं सविस्तर, कारण गोव्याबाहेरची माणसं इथंच फसतात. फेणी दोन जातीची. काजूची, आणि माडाची, म्हणजे नारळाच्या झाडाच्या सुरेपासून काढलेली. काजू मुळात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, माडाची त्याच्याआधीपासून इथलीच. उत्तरेकडं काजूचं राज्य, दक्षिणेत, सासष्टीकडं, माडाची अजून चवीनं पितात. पणजीतल्या बारात नुसतं ‘फेणी’ म्हटलंत तर काजूचीच येईल. काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2016 साली सरकारनं फेणीला गोव्याचं वारसा पेय ठरवलं. त्याआधी हीच फेणी विमानतळावरच्या पर्यटकाला काजूच्या आकाराच्या बाटलीत विकली जायची. अजूनही जाते. ती बाटली कपाटात शोभते, प्यायला घेऊ नका.

पहिला पेग लहान, 30 मिलिलिटरचा. सोडा आणि लिंबू. कोला घालू नका. गोडाखाली वास दबतो आणि मग तुम्ही नेमकं काय पीत आहात ते कळत नाही. दुसरा, जमला तर, नुसता, अगदी हळू. वास सहन होत नसेल तर दुक्शिरी विचारा. ती उपलसरीच्या मुळांची असते, औषधी वासाची, आणि आमच्याकडच्या आज्यांनाही ती चालायची, पोटाच्या निमित्तानं. सगळीकडं मिळत नाही, पण विचारलंत की मालक तुमच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतो. जुन्या बारात फेणी गर्राफांवातून, म्हणजे मोठ्या पोटाच्या काचेच्या बरणीतून ओततात. तिथं बसून प्यायला ती उत्तम असते. घरी न्यायची ती मात्र सीलबंद आणि लेबल असलेलीच.

नऊ वाजले की बार सोडा आणि गाडा शोधा. रस-ऑमलेट: ऑमलेट, त्यावर शागुतीचा, म्हणजे खोबऱ्या-मसाल्याच्या कालवणाचा गरम रस ओतलेला, कांदा, लिंबू, पाव. चार पेग घेतलेल्या माणसाला सकाळी माणसात आणायचं काम हा रस करतो असं इथं सगळे मानतात. डॉक्टर काय म्हणतील ते मी सांगत नाही. चुरीस-पाव, म्हणजे गोव्याचं सॉसेज घातलेला पाव, मिळाला तर तोही घ्या. कॅसिनोत ‘दारू फुकट’ असते म्हणून जाणाऱ्यांनी प्रवेशाची रक्कम आधी वाचावी. मी हिशेबाचा माणूस, मला ‘फुकट’ या शब्दाची ॲलर्जी आहे.

बिलाचं. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. जेवणावर जीएसटी. म्हणून एकाच टेबलाची बिलं कधी दोन येतात, त्यात फसवणूक नाही. फसवणूक असते ती पेगचं माप न सांगता ‘लार्ज’ लावण्यात. मागतानाच तीस की साठ ते बोला. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो द्यायची सक्ती नाही. त्याऐवजी पोऱ्याच्या हातावर दिलेले पैसे त्याच्यापर्यंत नक्की पोचतात.

कायद्याच्या चार गोष्टी, ज्या सुट्टीच्या भरात कुणी ऐकत नाही. गोव्यात वय 21 पूर्ण हवं. मिरामारच्या वाळूत किंवा दोना पावलाच्या कठड्यावर बाटली उघडायची नाही, समुद्रकिनाऱ्यावर आणि पर्यटनस्थळी उघड्यावर पिणाऱ्याला 2019 पासून कायद्यानं दंड आहे. 2 ऑक्टोबरला आणि मतदानाच्या काळात ड्राय डे, तेव्हा तारखा बघून तिकिटं काढा. आणि भाड्याची स्कूटर. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं पोलिसाला लांबून दिसतात. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. त्यापेक्षा स्कूटर हॉटेलावरच ठेवा. फोंतेन्हास ते मार्केट हे सगळं चालत होतं. लांबचं असेल तर पायलट घ्या, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचा टॅक्सीवाला. एकट्या माणसाला टॅक्सीपेक्षा हे स्वस्त. उशीर झाला की पायलट मिळेनासे होतात, मग गोवामाइल्सच्या ॲपवरून गाडी.

ग्रुपमध्ये न पिणारा असेल तर त्याला सोडा-लिंबावर संध्याकाळ काढायला लावू नका. कोकम-सोडा मागवा, जेवणाबरोबर सोलकढी मागवा. जमलं तर संध्याकाळी त्याला घेऊन बेतीच्या फेरीबोटीनं पलीकडं जाऊन परत या. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत, आणि मांडवीवरून दिवे लागलेली पणजी बघून तो तुमच्यावरचा राग विसरेल.

राहता राहिलं घरी न्यायचं. गोव्याची बाटली स्वस्त कारण तिच्यावरचा कर गोव्याचा. महाराष्ट्राचा कर तिच्यावर भरलेला नसतो, म्हणून परवान्याशिवाय ती पलीकडं नेणं गुन्हा. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले बस थांबवून डिकी उघडायला लावतात, आणि ‘घरच्यासाठी एकच आहे’ हे वाक्य त्यांनी तुमच्याआधी पुष्कळांकडून ऐकलेलं असतं. बाटली इथंच संपवा, किंवा इथल्या मित्राकडं ठेवून जा. काजूगर मात्र हवे तेवढे न्या.