ग्वाल्हेरात कूलर घ्यायचा की एसी, आणि थंडीचं काय करायचं

पुण्याच्या नातेवाईकांना विचारून कूलर-एसी घेऊ नका, हे आधीच सांगतो. त्यांचा सल्ला त्यांच्या हवेसाठी ठीक आहे पण आपल्याकडे मे मध्ये ४५ च्या वर लू (भाजून काढणारा गरम वारा) चालते, जुलैत अंग चिकट होतं आणि जानेवारीत सकाळी रजईतून हात बाहेर काढवत नाही. एकच मशीन या तिन्हीला पुरत नाही, म्हणून हवेत ओल किती आहे ते बघून ठरवायचं.

एप्रिल ते जून अर्धा, म्हणजे नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) धरून, कूलरच राजा. हवा कोरडी असते त्यामुळे पाणी पटापट उडतं आणि हवा दहा-पंधरा डिग्री सहज उतरते, तेही एसीच्या मानाने अगदी थोड्या विजेत. फक्त कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. बरेच लोक खोली गच्च बंद करून कूलर लावतात आणि मग म्हणतात कूलर बेकार आहे, अहो आत ओल कोंडली की तो थंड करणार कसा?

सीझन सुरू व्हायच्या आधी घास, म्हणजे कूलरच्या जाळीतला लाकडी भुशाचा पॅड, बदला (किंवा मधाच्या पोळ्यासारखा हनीकोम्ब पॅड असेल तर ब्रशने धुवा), आणि पंप चालू करून पॅड नीट निरखून बघा. सगळा पॅड सारखा भिजला पाहिजे. मध्येच उभा कोरडा पट्टा दिसला तर तिथून सरळ लू आत येते, आणि कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की वरच्या पाइपचं भोक क्षाराने बुजलेलं असतं, सुई घालून मोकळं करा, मिस्त्रीला बोलवायची गरज नाही. बोअरचं पाणी असेल तर हे सारखं होणार कारण पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, नुसतं वरून पाणी ओतत राहायचं नाही, डेंग्यूचे डासही तिथेच होतात. आणि पाणी भरताना प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढा! लोखंडी बॉडीला अर्थिंग आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्याच, कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

पाऊस सुरू झाला की कूलर दमटपणा वाढवतो फक्त, तेव्हा एसी. शहरातल्या लश्कर भागातल्या जुन्या दगडी वाड्यात तळमजल्याची खोली असेल तर १ टनात भागतं, पण गच्चीखालच्या तेवढ्याच मापाच्या खोलीला दीड टन लागतो. त्याच्याही आधी गच्चीवर पांढरा चुना किंवा कूल रूफ पेंट मारून बघा, खर्च थोडा आणि फरक लगेच कळतो. वीजबचतीचे स्टार बघताना लेबलवरचं वर्षही बघा, नियम कडक होत जातात त्यामुळे जुना ५ स्टार आणि नवा ५ स्टार एक नाही. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, आपल्या धुळीत महिना फार झाला. बाहेरच्या युनिटवर आंधीची धूळ बसली की तेही साफ करायचं. दर वर्षी "गॅस संपला" म्हणणारा मेकॅनिक आला तर त्याला आधी लीक दाखव म्हणा, गॅस बंद सर्किटमध्ये फिरतो, तो पेट्रोलसारखा संपत नाही.

आता थंडी. नवीन एसी घेणारच असाल तर हॉट अँड कोल्ड मॉडेल विचारा, तो बाहेरची उष्णता ओढून आत टाकतो त्यामुळे तेवढीच ऊब हीटरपेक्षा बऱ्याच कमी युनिटमध्ये मिळते. २००० वॅटचा हीटर तासाला साधारण २ युनिट खातो, हिशोब तुम्हीच करा. घरात आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर ऑइलवाला हीटर बरा, लाल तापलेली कॉइल उघडी नसते. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट द्या, एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, वायर तापून वितळते. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपायचं मात्र अजिबात नाही, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. आणि तोवर कूलर पॅड काढून, टाकी वाळवून, पंप पुसून वर ठेवलेला असू द्या, नाहीतर मार्चमध्ये पंप जाम झालेला सापडेल.