संघटित गुन्हेगारीविरुद्ध सरकार आणि संस्था: हातमिळवणी करताना या चुका टाळा

सरकारी खातं आणि स्वयंसेवी संस्था यांची पहिली बैठक बहुतेक ठिकाणी सारखीच होते. ओळखी होतात, दोन्ही बाजू एकमेकांच्या कामाचं कौतुक करतात, आणि मग समोरचा अधिकारी वही उघडून विचारतो, "बरं, तुमच्या भागात कोण कोण आहे? नावं सांगा." त्याच्या दृष्टीने प्रश्न सरळ आहे, त्याचं कामच ते. संस्थेच्या कार्यकर्त्याने उत्साहाच्या भरात दोन नावं सांगितली, की पुढच्या बैठकीत तिसरं मागितलं जातं. सामंजस्य करारावर सह्या व्हायच्या आधीच कोण कुणाचा काय लागतो हे ठरून गेलेलं असतं.

पुढे लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी या एका प्रश्नातून निघतात.

संस्थेला खबऱ्या समजणं (आणि संस्थेनेही ते मान्य करणं)

खंडणी, मानवी तस्करी किंवा सावकारी पाशात सापडलेली माणसं संस्थेकडे येतात, कारण संस्था म्हणजे पोलीस ठाणं नव्हे. हे अंतर पुसलं की संस्थेकडे कुणी फिरकत नाही, आणि मग ती सरकारच्याही उपयोगाची राहत नाही. टोळीला पुराव्याची गरज नसते, संशय पुरतो. वस्तीत जाणारी आरोग्यसेविका 'वर' सांगते अशी नुसती कुजबुज झाली तरी तिच्यासाठी दारं बंद होतात. माहिती तर थांबतेच, औषधंही पोचत नाहीत.

मग संस्थेने द्यायचं तरी काय? नावं नाही, चित्र द्यायचं. वसुली महिन्याच्या कोणत्या दिवसांत वाढते, लोक तक्रार द्यायला निघून अर्ध्या वाटेतून का परततात, कोणत्या कचेरीत परवान्याचे अर्ज अडकतात आणि मग तिथे 'मदत' करायला कोण उभं असतं. पोलिसांच्या नोंदीत दाखल झालेले गुन्हे असतात. न दाखल झालेल्यांची कारणं संस्थेला ठाऊक असतात. शिवाय एखादी व्यक्ती आपणहून तक्रार द्यायला तयार झाली, तर तिच्यासोबत जाणं, वकील मिळवून देणं, साक्षीच्या तारखेला न्यायालयाच्या बाकावर तिच्या शेजारी बसणं. या कामाला फारसं तेज नाही, पण खटले टिकतात ते यावर.

आंतरराष्ट्रीय कायद्याची भाषाही हीच आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो करार २००० साली झाला आणि २००३ मध्ये लागू झाला. त्याला जोडलेल्या मानवी तस्करीविषयीच्या पूरक करारात स्वयंसेवी संस्थांचा उल्लेख येतो तो मुख्यतः निवारा, समुपदेशन, औषधोपचार, शिक्षण आणि रोजगार या संदर्भात. खबरी पुरवणं त्या यादीत नाही.

याला अपवाद असतो, आणि तो आधीच लिहून ठेवलेला बरा. एखाद्याचा जीव या क्षणी धोक्यात असेल किंवा प्रकरण लहान मुलाचं असेल, तर संस्था गप्प बसणार नाही. पण हे मदत मागायला आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं. त्याने सगळं बोलून झाल्यावर सांगितलं, तर त्याला ती फसवणूकच वाटेल.

ढाल नसताना हाक देणं

"पुढे या, घाबरू नका" असे फलक लावणं सोपं असतं. पुढे आलेल्या पहिल्या माणसाचं काय होतं, हे मात्र फलक लावणाऱ्यांपेक्षा बाकीचे लोक जास्त बारकाईने बघत असतात.

इटलीच्या सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरातला कापड उद्योजक लिबेरो ग्रासी याने जानेवारी १९९१ मध्ये खंडणी मागणाऱ्याला उद्देशून वर्तमानपत्रात खुलं पत्र लिहिलं: पैसे देणार नाही. शहरातले बहुतेक उद्योजक दूर राहिले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला त्याला गोळ्या घालून मारलं. शूर माणूस होता यात शंका नाही. पण एकट्याला पुढे करून मागे कुणीच उभं न राहणं याला रणनीती म्हणत नाहीत. त्याच सिसिलीत कापो द'ऑर्लांदो या गावच्या व्यापाऱ्यांनी १९९० च्या अखेरीस संघटना काढली आणि खंडणीच्या खटल्यात एकत्र साक्षी दिल्या. एकाला मारून धडा शिकवता येतो. सगळी बाजारपेठ साक्षीला उभी राहिली की टोळीचं गणित बिघडतं.

पुढे २००४ मध्ये पालेर्मोतल्या काही तरुणांनी 'अद्दियोपिझ्झो' सुरू केलं. पिझ्झो म्हणजे तिथला हप्ता. त्यांनी क्रम फार हुशारीने लावला. आधी ग्राहकांच्या सह्या जमवल्या: आम्ही हप्ता न देणाऱ्याकडेच खरेदी करू. ती नावं प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर दुकानदारांची यादी आली. दुकानदार पुढे आला तेव्हा त्याच्यामागे गिऱ्हाईक आधीच उभं होतं. सरकारचा वाटाही कागदावर होता: खंडणीला नकार देऊन तक्रार करणाऱ्याचं नुकसान भरून देणारा निधी इटलीत कायद्यानेच आहे. तुमच्या मोहिमेत ही क्रमवारी उलटी असेल, म्हणजे आवाहन आधी आणि संरक्षण 'प्रक्रियेत' असेल, तर आवाहन थांबवा.

आणि संरक्षण द्यायचं ठरवलं तर ते वेळेवर पोचलं पाहिजे. मेक्सिकोत मानवी हक्क कार्यकर्ते आणि पत्रकारांच्या संरक्षणासाठी २०१२ मध्ये कायदा झाला. रचना कागदावर चांगली आहे. नऊ जणांच्या नियामक मंडळात चार जागा नागरी समाजाच्या. तरीही त्या यंत्रणेत नाव नोंदवलेली माणसं मारली गेली आहेत. सान फर्नांदोची मिरियम रॉद्रिगेझ आपल्या मुलीच्या अपहरणकर्त्यांचा माग काढत होती, बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांना एकत्र आणत होती. तिने संरक्षण मागितलं होतं. १० मे २०१७ रोजी, तिथल्या मातृदिनीच, तिला घराबाहेर गोळ्या घातल्या.

नाव फाइलमधून फुटतं

गुप्तता म्हटलं की लोकांना फोन टॅपिंग आणि फितूर अधिकारी आठवतात. प्रत्यक्षात नाव बहुधा साध्या कारकुनी सवयीतून बाहेर जातं. बैठकीच्या इतिवृत्तात 'तक्रारदार श्री. अमुक यांनी सांगितले' असं लिहिलं जातं. 'प्रत माहितीसाठी' खाली सात कार्यालयं असतात. व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी अर्जाचा फोटो टाकतो.

सत्येंद्र दुबे या अभियंत्याने २००२ मध्ये महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट कार्यालयांमधून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्याचा खून झाला. खटला लुटीतून झालेल्या खुनाचा म्हणून चालला, तेव्हा पत्राचा आणि खुनाचा संबंध जोडताना जपून बोलायला हवं. पण पत्र फिरलं त्यात कुणी खलनायक लागला नाही, एवढं ध्यानात घ्या. शेरा मारून पुढे पाठवणं पुरेसं ठरलं.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या 'क्राइम स्टॉपर्स'मध्ये माहिती देणाऱ्याला नाव विचारत नाहीत, क्रमांक देतात. तसंच करा. कागदोपत्री फक्त क्रमांक. क्रमांक आणि नाव जोडणारी नोंद एकच, ती दोनच माणसांकडे, आणि ती माणसं कोण हे बैठकीत जाहीर करू नका. इतिवृत्त कुणी लिहायचं हेसुद्धा पहिल्याच दिवशी ठरवा. किरकोळ वाटतं, तसं नाही.

तोंडी आशीर्वादावर जोखमीचं काम

"तुम्ही करा, आम्ही पाठीशी आहोत." या वाक्याला तारीख नसते आणि जावक क्रमांकही नसतो.

एल साल्वादोरमध्ये मार्च २०१२ पासून टोळ्यांमध्ये युद्धबंदी झाली. मध्यस्थ होते एक धर्मगुरू आणि एक माजी बंडखोर नेता. खुनांचं प्रमाण काही महिन्यांत जवळपास निम्म्यावर आलं. सरकारने सुरुवातीला आपला यात हात नाही असं सांगितलं, मग हळूहळू मदत केल्याचं कबूल केलं, आणि राजकीय वारं फिरल्यावर हात काढून घेतला. युद्धबंदी मोडली, खून पुन्हा वाढले, आणि २०१६ मध्ये मध्यस्थांपैकी त्या माजी बंडखोरालाच अटक झाली. टोळ्यांशी बोलणी करावीत की नाही यावर प्रामाणिक मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर गुप्त बोलणी टोळीलाच बळ देतात. पण ते बाजूला ठेवलं तरी, मध्यस्थाकडे काय करायची परवानगी होती याचा कागद असता तर निदान तो वाद न्यायालयाबाहेर मिटला असता.

म्हणून लेखी घ्या: कुणाशी बोलायची मुभा आहे, कुठे थांबायचं, काय घडलं तर कुणाला कळवायचं, आणि चौकशी लागली तर कोणता अधिकारी पुढे येऊन 'हे आमच्या सांगण्यावरून झालं' म्हणणार. शेवटच्या मुद्द्यावर समोरचा गडबडला, तर ते काम करू नका.

पीडित माणसाला पुरावा समजणं

छापा पडतो, सुटका होते, आणि त्याच रात्री जबाब नोंदवायची घाई सुरू होते. घाबरलेला, उपाशी, झोप न झालेला माणूस अर्धवट सांगतो; पुढे न्यायालयात नीट सांगतो, आणि बचाव पक्षाचा वकील दोन जबाबांतली तफावत दाखवून साक्षच मोडीत काढतो. तेव्हा घाईने खटल्याचंच नुकसान होतं. युरोप परिषदेच्या २००५ च्या मानवी तस्करीविरोधी करारात अशा परदेशी पीडितांना सावरायला आणि विचार करायला किमान ३० दिवस दिले आहेत. तुमच्याकडे असा नियम नसला तरी करारात मुदत लिहून घेता येते. आणि निवारा साक्षीवर अवलंबून ठेवू नका. 'बोललीस तरच राहायला मिळेल' ही अट तस्करांच्या भाषेच्या फार जवळ जाते.

प्रमाणपत्रं वाटणं

व्यासपीठावर एकत्र बसल्याने संस्थेला मान मिळतो, सरकारला चांगलं नाव. इथे कीड लागते. सिसिलीत उद्योजक संघटनेचा एक बडा पदाधिकारी अनेक वर्षं माफियाविरोधी लढ्याचा चेहरा म्हणून मिरवत होता. २०१८ मध्ये त्याला अटक झाली. अधिकाऱ्यांचं जाळं विणून गोपनीय माहिती मिळवल्याचा आरोप होता. २०१९ मध्ये खालच्या न्यायालयाने १४ वर्षांची शिक्षा सुनावली, अपिलात ती कमी झाली. 'हा आमचा माणूस' असा शिक्का सरकारने मारला की त्याच्याकडे कुणी प्रश्न घेऊन जात नाही, अडचण तीच.

भागीदार संस्थेचे हिशेब, देणगीदार, पदाधिकाऱ्यांचे धंदे दरवर्षी तपासा. संस्थांनीही एकमेकांचे तपासावेत. याचं दुसरं टोकही वाईटच: काळ्या पैशाच्या नियमांचा धाक दाखवून टीका करणाऱ्या संस्थांची खाती गोठवणं. काळ्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटालाही ना-नफा संस्थांबद्दलची आपली आठवी शिफारस २०१६ आणि २०२३ मध्ये सुधारावी लागली, कारण तिच्या नावाखाली चांगल्या संस्थांवर सरसकट निर्बंध येत होते.

जप्त मालमत्ता पडून राहू देणं

टोळीप्रमुखाचा बंगला जप्त झाला, सील लागलं, आणि वर्षानुवर्षं खिडक्या फुटत राहिल्या, तर ये-जा करणाऱ्याला त्यातून कोण जिंकलं ते कळतं. इटलीत 'लिबेरा' या संस्थांच्या जाळ्याने दहा लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि १९९६ च्या १०९ क्रमांकाच्या कायद्याने जप्त मालमत्ता सामाजिक कामाला देण्याची वाट उघडली. त्या जमिनींवर सहकारी संस्था शेती करू लागल्या. तिथेही बँकांचे बोजे आणि कागदांचा विलंब हा छळ आहेच. मालमत्ता घेताना संस्थेने आधी बोजा, कर, डागडुजीचा खर्च आणि पहारा यांची चौकशी करावी. जोशात घेतलेली इमारत वर्षभरात गळ्यातलं लोढणं होते.

साहेब बदलले

अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये १९९६ मध्ये पोलीस, सरकारी वकील, धर्मगुरू आणि रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते टोळ्यांचा गोळीबार थांबवायच्या 'ऑपरेशन सीझफायर'मध्ये एकत्र आले, आणि तरुणांचे खून झपाट्याने घटले. २००० च्या सुमारास मूळची माणसं पांगली, कार्यक्रम विरला, हिंसा परतली. बदली अटळ आहे. निदान नव्या अधिकाऱ्याच्या पहिल्या आठवड्यात जुन्याने संस्थेच्या माणसांशी समोरासमोर गाठ घालून द्यावी, एवढं तरी करारात टाका.

गाडी अडली असेल तर

बैठका होतात पण लोकांकडून काहीच कळत नाही: दिलेल्या माहितीचं काय झालं हे लोकांना कधी सांगितलंत ते आठवा. हाँगकाँगच्या भ्रष्टाचारविरोधी आयोगात तपास बंद करण्याआधी प्रकरण नागरिकांच्या समितीपुढे जातं. तेवढं जमणार नसेल, तर 'पोचलं, तपास चालू आहे, याहून जास्त सांगता येत नाही' हे तरी कळवा. मौनाचा अर्थ लोक फितुरी असाच लावतात.

बैठकीत वादच होत नाहीत: संस्था बहुधा मिंधी झाली आहे. तिचं किती टक्के अनुदान याच खात्यातून येतं ते बघा. टीका करणाऱ्या एखाद्या संस्थेला टेबलावर बोलवा.

नाव फुटलंच: आधी त्या माणसाला सांगा, मग वरिष्ठांना. क्रम उलटा झाला तर खुलासे तयार होईपर्यंत त्याला पळायला वेळ उरत नाही. त्याला तिथून हलवा, आणि दोषी कोण हे नंतर शोधा.

आणि भागीदारी बंदच करायची वेळ आली, तर लोकांना दिलेला फोन क्रमांक दुसऱ्या दिवशी बंद करू नका. ज्यांनी त्यावर कधीतरी बोलून ठेवलं आहे, ती माणसं पुन्हा कधी फोन करतील सांगता येत नाही. निदान वर्षभर तो कुणीतरी उचलला पाहिजे, नावांची नोंद नष्ट केल्याचा पंचनामा दोन्ही बाजूंच्या सह्यांनी झाला पाहिजे, आणि चालू खटल्यातल्या प्रत्येक साक्षीदाराला यापुढे सोबत कोण येणार हे नाव घेऊन सांगितलं पाहिजे.