कांजीच्या उच्चारांची यादी पाठ करू नका

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन ध्वनिलिपी हातात बसल्या की जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतील एन-५ या सर्वांत सोप्या पातळीचा विद्यार्थी कांजीकडे, म्हणजे चीनमधून आलेल्या चिन्हांकडे, वळतो आणि प्रत्येक चिन्हाखाली छापलेली ओन्योमी (चीनमधून आलेले उच्चार) आणि कुन्योमी (मूळ जपानी उच्चार) यांची यादी घोकू लागतो. माझे सुरुवातीचे बहुतेक कष्ट तिथेच खर्ची पडले, म्हणून कळकळीने सांगतो की ती यादी पाठ करू नका.

‘जाणे’ या अर्थाचे चिन्ह घ्या. ‘इकु’ या क्रियापदात ते जपानी उच्चाराने वाचतात. परंतु बँकेला ‘गिन्को’ म्हणताना त्याचा उच्चार ‘को’ होतो, मिरवणुकीच्या ‘ग्योरेत्सु’मध्ये ‘ग्यो’ आणि जुन्या कागदी दिव्याच्या ‘आन्दोन’मध्ये ‘आन’. हे उच्चार चीनमधून निरनिराळ्या काळांत आले. ‘ग्यो’ सर्वांत आधीचा, ‘को’ तांग राजवटीच्या काळातला आणि ‘आन’ त्याही नंतरचा. प्रत्येक उच्चार आपापल्या शब्दांना चिकटून राहिला. त्यामुळे कुठे कोणता उच्चार करायचा हे शब्द माहीत असल्यावाचून खात्रीने सांगता येत नाही, आणि ज्याने केवळ यादी पाठ केली आहे त्याला उताऱ्यासमोर चारही उच्चार आठवतात, पण नेमका निवडता येत नाही. म्हणून चिन्ह नेहमी शब्दातच शिका. शब्दाचा उच्चारही वहीत हिरागानातच लिहा. देवनागरीत ओकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद दिसत नाही, त्यामुळे ‘कोको’ हे ‘इथे’ की ‘उच्च माध्यमिक शाळा’, ते कळत नाही.

जोयो कांजींचा, म्हणजे जपानमध्ये नित्य वापरासाठी अधिकृतपणे ठरवलेल्या कांजींचा, 2136 हा आकडा पाहून धीर सोडू नका. जपानी मुलांनाही त्यांपैकी 1026 शिकण्यासाठी प्राथमिक शाळेची सहा वर्षे दिलेली असतात. शिवाय बहुसंख्य कांजींमध्ये एक भाग अर्थाचा आणि दुसरा ध्वनीचा असतो: निळ्या रंगाच्या चिन्हाला डावीकडे सूर्य, पाणी किंवा वाणी जोडली, तरी तिन्हींची ओन्योमी ‘सेइ’च राहते. चित्रांच्या गोष्टी रचून शिकवणाऱ्या ॲपवर माझा विश्वास नाही तो याचसाठी. डोंगर, नदी, झाड संपले की त्या गोष्टी ओढूनताणून जुळवाव्या लागतात आणि ध्वनीचा दुवा हातातून सुटतो.

जेएलपीटीत कांजी हाताने लिहावी लागत नाही, म्हणून लेखन सोडा असे सांगणारे शिक्षक भेटतील. त्यांचे ऐकू नका. ‘वाट पाहणे’ आणि ‘हातात धरणे’ या चिन्हांत फक्त डावा भाग वेगळा आहे, आणि ज्याने ही दोन्ही चिन्हे हाताने लिहिलेली नाहीत तो घाईत पर्याय निवडताना तिथेच अडखळतो.